प्रकाश म्हणतो, अपडेट केलं

२३ सप्टेंबर, मंगळवार
सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची मेल आली. ‘ओसरी’ या आमच्या बायकांच्या वेबसाइटच्या दारावरच्या सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलंय, त्यातून कुणीही आतलं वाचू शकतं, नवी आवृत्ती ताबडतोब टाका. संध्याकाळी बायका एकदमच येतात. हे सॉफ्टवेअर त्यांना दोन सर्व्हरांवर वाटून देतं. मी त्याला दारवान म्हणते. बायका टोपणनावानं पत्रं लिहितात. खरी नावं, गावं आत, फक्त माझ्यासाठी.

प्रकाशला फोन. चुलतदीर, धामणगाव बढ्याला कॉम्प्युटरचं दुकान, आमचे सर्व्हर तिथंच. “वहिनी, चालू गाडीले कायले हात लावता? करतो दोन दिवसांत.”

२५ सप्टें.
“केलं अपडेट. आता तरी सुखानं झोपा.” नव्या आवृत्तीच्या आकड्याचा फोटोही पाठवला. बरं वाटलं.

२७ सप्टें.
सोनाळ्याहून ‘जाई’चा फोन. दबका आवाज. सासूनं चुलीपाशी विचारलं, “काऊन वं, बाहेरून दहावीले बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून राह्यली म्हणे तू?” तिनं हे फक्त ओसरीला लिहिलं होतं, तेही छापू नका म्हणून. “ताई, तुमच्याकडून गेलं का?” नाही म्हणाले. कशाच्या जोरावर?
फॉर्मची मुदत अजून आहे. घरच्यांनी अडवलं तर...

२९ सप्टें.
प्रकाशची मावशी सोनाळ्याची. हे आजच का आठवावं? आडून विचारलं, जाईचं पत्र पाहिलंस का? “कोन जाई? मी मशीन सांभाळतो वहिनी, बायांच्या गोठी नाही.” फोन ठेवल्यावर स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

१ ऑक्टो., खंडेनवमी
दुकानात गेले. सर्व्हर बंद करून त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. बाजूला पेढे. आरती झाल्यावर प्रकाशनं चालू केले. पडद्यावर दारवान कुठल्या कुठल्या दिवशी सुरू झाला त्याची यादी आली. त्यात दिसलं: याआधी तो सुरू झाला नागपंचमीला.
“मग २५ला काय केलंस?”
“नवी फाइल टाकली ना.”
“आणि बंद करून चालू?”
मान खाली. “नवमीले पूजेसाठी बंद कराचंच होतं. म्हटलं, दोनदा कायले...”
बंद-चालू केल्याशिवाय नवी आवृत्ती लागूच होत नाही; म्हणजे फाइल नवी, दारात उभा जुनाच. आजपर्यंत.

२ ऑक्टो.
दसरा. सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी मागितल्या. कोण आत आलं ते त्यात कळेल. २८च्या आधीच्या नाहीत. “जागा भरते वहिनी, दर रविवारी पुसतो.” खरंय, आधीही पुसायचा. तरी.

४ ऑक्टो.
सगळ्या बायकांना लिहायला बसले: दार उघडं राहिलं होतं. प्रकाश म्हणतो, “कोनी पाह्यलंच नसन तर उगाच भेवाडता.” तरी लिहिलं. पहिलं जाईला. अजून उत्तर नाही.
आतले पासवर्ड बदलले. प्रकाशचाही काढून घेतला. त्याला सांगितलं, तर “बरं” म्हणाला.
का, ते विचारलं नाही त्यानं.