भुरीला काय झालंय

३ फेब्रुवारी

दादा स्वतः भुरीला घेऊन आला. गाडीचं फळकूट पाडलं, तिला उतरवलं, दोर माझ्या हातात दिला. म्हणाला, "हिची तपासणी कर. म्हातारी झालीय बहुतेक. उडी घेताना डावीकडे ओढते, दोन फेऱ्यांत दमते." आणि निघाला. चहालाही थांबला नाही.

तेरा वर्षांची घोडी म्हातारी कसली? आणि अडथळ्यांच्या शर्यतीत याच घोडीनं त्याला नाव मिळवून दिलं. पण दादा उगाच बोलणाऱ्यातला नाही.

५ फेब्रुवारी

आमच्या प्रयोगशाळेत, घोड्यांच्या ट्रेडमिलवर भुरी. आधी नाक फेंदारलं, मागे सरली, मग निमूट धावायला लागली. वेग वाढवत नेला, मधे मधे मानेतून रक्त घेतलं. दमणूक रक्तात दिसतेच, ती लपत नाही. हिच्या रक्तात दमणूक नाहीच म्हणायची. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा केलं. तेच.

सर म्हणाले, "घोडी फुकट बदनाम झालीय." सगळे हसलो.

८ फेब्रुवारी

आज मैदानावर, दादा वर बसलेला. वेगळीच घोडी! नाडी भराभर चढली, थांबल्यावरही उतरेना. डावं पाऊल आखूड. तोंडाला फेस.

"सांगत होतो ना," दादा म्हणाला. उतरून तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला, बराच वेळ.

९ फेब्रुवारी

पाय पाहिले, पाठ पाहिली, खोगीर उलटंपालटं करून पाहिलं. काही नाही.

१२ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंना बसवलं — शेजारच्या रायडिंग स्कूलमध्ये शिकवतात त्या. त्या किडकिडीत, म्हणून वजन दादाएवढं व्हावं यासाठी खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घातल्या. तेच मैदान, तेच अडथळे. भुरी वाऱ्यावर स्वार. थांबली तशी नाडीही झरझर खाली आली.

बाई उतरल्या, म्हणाल्या, "हिला म्हातारी कोण म्हणतं? मला द्या, मी नेते."

मी हसले. आणि हसता हसता लक्षात आलं. घोडी तीच, वजन तेच. मग बदललं कोण?

सर माझ्याकडे बघेनात.

१३ फेब्रुवारी

आठ तारखेचं चित्रीकरण सावकाश चालवून पाहिलं. दादाचा उजवा पाय खोगिराला धरतच नाही. रिकिबीत नुसता लोंबतोय. तोल जाऊ नये म्हणून तो डावा लगाम आवळून धरतो, सगळा भार तिच्या डाव्या खांद्यावर. ती बिचारी दोघांच्या वाटचं धावते.

मांडी कपड्यातूनही वाळलेली दिसते. आयुष्यभर स्नायू बघून पोट भरते मी. सख्ख्या भावाकडे कधी बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी

वहिनीचा फोन. "काय निघालं गं?"

"चाललंय अजून."

खोटं बोलले. वहिनीही पुढं काही विचारेना.

१६ फेब्रुवारी

सांगितलं. तो तबेल्यात भुरीला खरारा करत होता.

"दादा, भुरी ठणठणीत आहे."

"नीट बघ."

"सगळं बघून झालं. दुसरं कुणी बसलं की छान पळते. तुझा उजवा पाय, दादा..."

खरारा थांबला.

"सरांना माहीत आहे?"

"हो."

"त्या बाईंना?"

"त्यांनीच तर पळवली तिला."

"म्हणजे गावभर झालं." आवाज चढला नाही त्याचा. चढला असता तर बरं झालं असतं.

"डॉक्टरकडे जाऊ. मी येते बरोबर."

"बघू." खरारा माझ्या हातात देऊन निघाला. दारापर्यंत भिंतीचा आधार घेत गेला. भुरी मान वळवून बघत राहिली.

वाईट वाटतंय. पण खोटं कशाला लिहू — थोडं बरंही वाटतंय. वेळेवर सापडलं. इतके जण बघत होते, सापडलं मला.

१८ फेब्रुवारी

वहिनी आली. खुर्चीवर टेकलीही नाही.

"त्याला वर्षभरापासून ठाऊक आहे. नसांचं दुखणं आहे, बरं होणारं नाही. घोड्यावर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलंय."

"मग भुरीला माझ्याकडे कशाला आणली?"

"घोडी थकली एवढं तू म्हणाली असतीस, की तिच्यासाठी सोडलं असं लोकांना सांगता आलं असतं. मी म्हटलं, धाकटीला आधी कल्पना दे. तर म्हणाला, नको, ती आपलीच आहे, तिला कळेल."

मला कळलं नाही.