खंडेनवमीची पट्टी

सोलापूर,
बुधवार, ८ ऑक्टोबर

प्रिय सयाजी,

पाकिटावरचं वैनीचं अक्षर बघून तू वाईटच काहीतरी धरलं असशील. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. तुझे भाऊ, आपले अण्णा, बरे आहेत, तुझी पुतणी ऋतुजा बारावीला आहे आणि तुझ्यासारखीच उलट बोलते. फोन करता आला असता, मला ठाऊक आहे. लालसाबभाई टेंपो घेऊन कुर्डुवाडीला येतात, तुला भेटतात, त्यांच्याकडून तुझा नवा नंबर घेऊन दोन महिने झाले. तीनदा लावला आणि वाजायच्या आत कापला. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच "जाऊ दे की वैनी" म्हणाला असतास, आणि मी मेली लगेच जाऊ दिलं असतं. सहा वर्षं तेच तर करत आले. म्हणून कागद घेऊन बसलेय. अण्णांच्या हाताचं आणि त्यापायी तुझ्यावर आलेल्या ठपक्याचं लिहायचंय. कामावर, वर्कशॉपच्या गेटावर उभ्या उभ्या वाचू नकोस, खोलीवर जाऊन बसून वाच.

दुकान अक्कलकोट रोडला आहे तिथंच आहे. बोर्डावरचं तुझं नाव अण्णांनी रंग मारून घालवलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. झाडं तोडायची कामं आता आपण घेत नाही. लाकूड कापायच्या चेनवाल्या मशिनींची दुरुस्ती आणि सुटे भाग एवढंच. ज्यांच्या कडेनं चेन धावते त्या पट्ट्यांचं काम पहिल्यापासून माझं, ते माझ्याकडंच आहे. गेल्या आठवड्यात वळसंगचा सिद्धलिंगप्पा आला होता, तुझ्याबरोबर तालमीत जायचा तो. मशीन अठरा इंची पट्टीचं आणि ह्याला पाहिजे बावीस इंची. का, तर गावात दुसऱ्या कुणाकडं तरी हाय! मी म्हटलं, अरे बाबा, चप्पल मोठी घेतली म्हणून पाय वाढतो व्हय? इंजिनाला जेवढी चेन ओढवते तेवढीच पट्टी घ्यावी. लांब घेतली की इंजिन धापा टाकतं, चेन तापते आणि लाकडात अडकून बसते. पट्टीच्या खाचेत चेन नीट बसते का, डुलते का, ते आधी बघावं. त्याची जुनी पट्टी घेतली हातात, तर चार वर्षं एकाच अंगानं चालवलेली! खालची कड झिजून वाकडी झालेली आणि वरची नव्यासारखी. तव्यावर भाकरीसुद्धा आपण उलटतो की, म्हटलं, मग पट्टी उलटायला काय झालं? दर वेळी चेनीला कानस मारलीस की पट्टी फिरवून लाव, कडेला आलेली धार घासून काढ, खाचेतला भुसा पातळ पत्र्यानं खरवड, आणि तेलाचं भोक... इथवर आले आणि पट्टी खाली ठेवली. तो बिचारा वाट बघत उभा. मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले आणि बाहेर आलेच नाही. अण्णांनीच त्याला पट्टी दिली.

अण्णांचं काय सांगू. दुकानात खुर्ची टाकून बसतात. शर्टाची उजवी बाही दुमडून पिन लावते मी, ती पिन लावताना माझ्याकडं बघत नाहीत. डाव्या हातानं पाना धरायला शिकले, पण नट फिरवताना घसरला की मग दिवसभर कुणावर तरी ओरडत बसतात. पूर्वी दोरीवर चढून चाळीस फुटांवरची फांदी कापणारा माणूस, आता बनियन घालायला हाक मारतो. लोक विचारतात, हात कशानं गेला. सहा वर्षं ते एकच उत्तर देतात, भावानं चेन ढिली ठेवली. मी तिथंच पट्टी घासत बसलेली असते. मान वर करत नाही.

आता त्या खंडेनवमीचं सांगते. दर वर्षी हत्यारांना आपण हळदकुंकवाचं एकेक बोट लावायचो, मशिनीच्या वरच्या झाकणावर, बास. त्या वर्षी झाकण इतकं तेलकट होतं की कुंकू टिकेना, घरंगळून खाली. मी मात्र पट्टी काढून राखेनं घासून आरशासारखी केली होती. वाटलं, आपण एवढी चकाकवलीय, हिचीच पूजा करू. पाटावर ठेवली आणि गोड्या तेलात कालवलेलं हळदकुंकू पाचही बोटांनी तिच्या बुडाशी थापलं, जिथं पट्टी मशिनीत बसते बरोबर तिथं. वर कणकेचा दिवा ठेवला, तो पाझरून त्याचं पीठही तिथंच बसलं. हत्यारांना दोन दिवस हात लावायचा नसतो, म्हणून दसऱ्यापर्यंत ते सगळं तसंच वाळलं. एकादशीला सकाळी तू घाईत आलास, वळसंगच्या अलीकडची जुनी चिंच पाडायची होती, रस्ता करणारे लोक खोळंबले होते. मी ओल्या फडक्यानं पट्टी पुसून तुझ्या हातात दिली. तू विचारलंस, "वैनी, भोक बघितलं का?" तुला आठवतंय का, मला माहीत नाही. मला रोज आठवतं. मी म्हटलं, "आता तू मला शिकवणार व्हय रे, शेंबड्या?" तू हसलास, चेन चढवलीस, बोटानं ताणून बघितलीस. माझ्यासमोर बघितलीस, सयाजी. चेन घट्ट होती.

चिंच कापताना अण्णांना लागलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचे कपडे न्यायला मी दवाखान्यातून घरी आले, तर दोरीवाल्या गुरप्पानं मशीन पोत्यात घालून दारात आणून ठेवलेलं. सवयीनं हात गेला आणि पट्टी काढली. तेलाचं भोक गच्च बसलेलं, वाळून विटेसारखं झालेलं लाल पीठ. दाभण घातलं तरी आत जाईना. एक कड जळून निळी पडलेली. तुला काय समजावून सांगायचं, तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. तेलाचा थेंब न मिळता चेन कोरडी धावली, तापली, तापून लांबली आणि ढिली पडली. मग उडाली, तुटली आणि मागं येऊन त्यांच्या मनगटावर बसली. चेन ढिली झाली होती हे खरंच आहे. ती तू ढिली ठेवली नव्हतीस. ती मी केली, ह्या पाच बोटांनी, देवाच्या नावानं.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी हात काढला. संध्याकाळी अण्णा शुद्धीवर आले आणि तुला म्हणाले ते तू ऐकलंसच, पण माझ्या कानांनी ते कसं ऐकलं हे तुला कुठं माहीत आहे. ते नेहमी काम सुरू करायच्या आधी मशीन दगडावर धरून फिरवायचे, पट्टीच्या टोकातून तेलाची रेघ उठते का बघायचे. त्या दिवशी बघितली नव्हती. म्हणाले, "वैजूच्या हातची पट्टी, तिच्यात बघायचं काय? म्हंजी चूक चेनीचीच. तू ढिली ठिवलीस." आणि तू खाटेच्या पायथ्याशी उभा, रडून डोळे सुजलेले, म्हणालास, "आसंल की आण्णा. घाईत ऱ्हायली आसंल." अरे, का म्हणालास तसं? एकदा तरी म्हणायचंस, न्हाय, मी ताणून बघितली हुती, वैनीला इचारा! तू माझ्याकडं बघायला पाहिजे होतंस. तू खाली बघत राहिलास, आणि मी त्यांच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला. तेवढ्या एका चमच्यात सहा वर्षं गेली.

सांगणारच नव्हते असं नाही. आधी वाटलं, जखम भरू दे. मग वाटलं, ते घरी येऊ देत. मग त्यांनी तुझी पेटी रस्त्यावर फेकली, तेव्हा मी पुढं होऊन तुझे कपडे गोळा करून दिले आणि गल्लीनं मला चांगली म्हटलं. मला भीती होती रे. ज्या माणसाचा हात मी तोडला त्याच्याच घरात, त्याच्याच ताटात जेवून मला राहायचं होतं. तुला तो काढून टाकेल, तू पुरुष गडी आहेस, कुठंही पोट भरशील असा हिशेब मी मनात केला. नीच हिशेब. पट्टी मी ज्वारीच्या कोठीत खाली पुरून ठेवली आणि मशिनीला दुसरी लावून टाकली. दर वर्षी नवी ज्वारी भरताना ती हाताला लागायची. कधी फेकून द्यायला गेले नाही, पुसलीही नाही. आता गोणपाटात गुंडाळून लालसाबभाईंबरोबर पाठवतेय. भोकात अजून कुंकू आहे. कुणी विचारलं तर तुझ्या हातात दाखवायला काहीतरी असू दे.

माढ्याची ती मुलगी, जिच्याशी तुझं ठरलं होतं, तिच्या वडलांनी मोडताना म्हटलं, ज्यानं भावाचा हात घालवला त्याच्या हातात लेक कशी देऊ. ते मी चहाचा ट्रे धरून दारातून ऐकलं. आणि आई. ह्याचं कसं लिहू कळत नाही. शेवटचे आठ दिवस आईंनी दुसरं कुणाचं नाव घेतलं नाही. सयाजी आला का, सयाजी जेवला का. अण्णांनी शपथ घातली होती, त्याला कळवलं तर माझं मेलेलं तोंड बघाल. मी शपथेच्या आड लपले. खरं सांगितलं असतं तर ती शपथ तिथल्या तिथं गळून पडली असती, आणि कुर्डुवाडी काही लंकेत नाही, दोन तासांत तू त्यांच्या उशाशी असतास. शेवटच्या सकाळी त्यांना दिसेनासं झालं होतं. मी पाणी पाजलं तर माझा हात धरून म्हणाल्या, "आलास व्हय लेकरा?" मी नाही म्हटलं नाही. तुझा तोही वाटा मी घेतला. तेराव्यानंतर तुला दुसऱ्याच कुणाकडून कळलं आणि तू स्टेशनात बसून रडलास, हे लालसाबभाईंनी मला सांगितलं. सांगून ते दुकानातून चहा न पिता गेले.

एवढं बुधवारी लिहून ठेवलं होतं. आज शनिवार आहे. हे मी का लिहायला बसले ते आता सांगते. सोमवारी अण्णांनी मला वही घेऊन बोलावलं. त्यांची सगळी पत्रं मीच लिहिते, उजवा हात नाही म्हणून. म्हणाले, सयाजीला लिही. "झालं ते झालं. तुझ्या हलगर्जीपणाला मी माफ केलं. दिवाळीला घरी ये, आईच्या फोटोच्या पाया पड आणि इथंच राहा." मी लिहिलं, शब्द न शब्द. त्यांनी खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा हसले. तू ते पत्र वाचून धावत आला असतास, त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतंस, आणि मी पुरणपोळी वाढली असती. पुढची सगळी वर्षं माझ्या चुकीसाठी माफ केलेला माणूस म्हणून तू माझ्या घरात जेवला असतास. ते मला सोसवणार नव्हतं. गुरुवारी दुकान बंद करून वरचं सगळं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, पट्टी समोर ठेवली. त्यांनी भोकात नख घातलं, नखाला आलेलं लाल बघितलं. मग माफीचा तो कागद मागून घेतला, दातात धरून डाव्या हातानं फाडला. काल सकाळी शिडी लावून बोर्डापाशी चढले, एका हातानं, आणि तुझ्या नावावरचा रंग खरवडत बसले. मी शिडी धरायला गेले तर खाली न बघता म्हणाले, "तू जा. तो आला तर दार मी उघडीन." दोन दिवसांत तेवढंच बोलले. तू ये असं लिहायचा अधिकार माझा नाही, म्हणून लिहीत नाही.

अजून म्हणू देत असशील तर तुझीच वहिनी,
वैजयंती