पोस्टरवरची ओळ

१० डिसेंबर २०१९
दादा घरी नाही. सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला गेला, तो गेलाच. दूधवाला म्हणतो, अच्युत भैया आलेच नाहीत. गोळ्या त्याच्या उशीखाली सापडल्या. कधीपासून घेत नव्हता, देव जाणे.

११ डिसेंबर
पोलीस ठाण्यात मुन्शी म्हणाला, चाळिशीचा धडधाकट माणूस आहे, आ जाएगा दीदी. बाबांनी आजाराचं सांगितलं तेव्हा कुठे लिहून घेतलं.

१२ डिसेंबर
कमानिया गेटजवळ शैलेंद्र भैयाच्या प्रेसमध्ये पोस्टर करायला गेलो. फोटो, उंची, निळं स्वेटर, खाली आमचा सराफ्यातला पत्ता नि बाबांचा नंबर. मी लिहून नेलं होतं — तबीयत ठीक नहीं रहती, प्यार से बात करें. भैयानं ते काढून 'मानसिक रूप से विक्षिप्त' टाकलं, म्हणजे सरळ वेडाच. सगळे हेच छापून घेतात, म्हणे! मी भांडले. तर बाबाच म्हणाले, "राहू दे न. लोक लक्ष तरी देतील. काहून वेळ घालवून राहिली?"

राहू दिलं. दादा थंडीत बाहेर, आणि मी एका शब्दावर किती अडून बसू!

सराफ्यात चिकटवत होते, तर एका बाईनं पोरीला जवळ ओढलं. ऐसा आदमी दिखे तो भागना, म्हणाली. ऐसा आदमी! आमचा दादा पालीलासुद्धा झाडूनं हळूच बाहेर घालवतो. उरलेली पोस्टरं मंडला, कुंडमच्या बसवाल्यांकडे दिली.

१४ डिसेंबर
काही नाही. बाबा जेवले नाहीत.

१७ डिसेंबर
सापडला!! कुंडमहून फोन आला, बळीराम म्हणून हॉटेलवाले आहेत. टॅक्सी करून गेलो. दादा भट्टीपाशी बसून मटार सोलत होता. वाळलाय. दाढी वाढलीय. मला पाहून नुसती मान हलवली.

बळीरामजी फार ओशाळले. पोस्टर त्यांच्या समोरच लागलेलं, चेहराही तसाच वाटला होता. "पर उसमें विक्षिप्त लिखा था, दीदी. ये तो इतने सीधे हैं. हमने सोचा, कोई और होगा." मग दादाच्या बोलण्यात सराफ्याचं नाव आलं, तेव्हा फोन केला. बाबा त्यांचे हात धरून रडले. मी पण.

१९ डिसेंबर
गोळ्या परत सुरू. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. दुपारी वरणभात नीट जेवला. झोपला.

२२ डिसेंबर
चहा पिताना विचारलं, फोन काहून नाही केला रे? बाबांचा नंबर तर पाठ आहे तुला.

कप खाली ठेवून म्हणाला, "घरीच येऊन राहिलो होतो. बसमध्ये बसलो पण होतो. समोर काचेवर ते पोस्टर. खाली बाबांचा नंबर. म्हटलं, हे घरच्यांनीच लिहिलं... मग उतरलो."