पोस्टरवरचा नंबर

प्रिय धाकटे,

परवा तुझा मेसेज आला, ‘पोस्टरवर माझा नंबर छापलाय, छापखानेवाल्याला झाप’. तेव्हापासून तुझा फोन सारखा एंगेज लागतोय, म्हणून हे पत्र. रागावून अर्धवट टाकू नकोस.

रविवारची सायकलफेरी आता नुसती आमच्या गल्लीची राहिलेली नाही. पोस्टर वाचनालयात, दवाखान्यात, अगदी न्हाव्याच्या आरशाशेजारीसुद्धा लागलंय. आमच्या निवृत्त बँक मॅनेजरांना सगळ्यांसाठी एकसारखे टी-शर्ट हवे होते. मी म्हटलं, आधी सगळ्यांच्या चाकांत हवा आहे का ते बघा. तोंड पाडलं, पण पंप घेऊन आले बिचारे. नदीच्या पुलापर्यंत जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. शर्यत नाही. कुणाला मागे टाकायचं नाही.

मला सायकल तू शिकवलीस, हे मी चारचौघांत सांगत नाही. मोठी मी, आणि घाबरटही मीच. तू मागून धावत ओरडायचीस, ‘ताई, चाकाकडे नको, पुढे बघ!’ मैदानापलीकडे ऐकू जायचं. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज खरखरीत झाला आणि तू बोलणंच टाकलंस. डॉक्टर म्हणतात, बोला. तू नुसती मान हलवतेस. वर्ष झालं, माझ्याशीही मानेनेच.

आज कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाई भेटल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या त्या फोनवरच्या बाई किती छान समजावतात हो! मला चढाची भीती वाटते म्हटलं, तर म्हणाल्या, उतरून ढकला, मी थांबते तुमच्यासाठी.’ मी मुद्दाम खोदून विचारलं, आवाज कसा वाटला? त्या म्हणाल्या, ‘सर्दी झालीय का त्यांना?’ बस, एवढंच. मी तिथेच रस्त्यात डोळे पुसले. त्यांना वाटलं, धूळ गेली.

तर, छापखानेवाल्याला काही बोलू नकोस. नंबर मीच दिला, दोनदा तपासून. समोर येऊन सांगितलं असतं, पण तुझ्यापुढे माझा कडकपणा टिकत नाही. भांडायचं असेल तर फोन कर आणि मनसोक्त भांड. फक्त त्या बाईंना ‘थांबते’ म्हणालीस, ते आता मोडायचं नाही.

तुझीच,
ताई

ता. क. सायकल दुरुस्तीवाल्या काकांच्या हाती दिलं: माझ्या जिन्याखालची तुझी सायकल, ब्रेक नवे, सीट बोटभर खाली घेतलेली, सगळ्यांत मागे राहणाऱ्याने लावायचा लाल झेंडा, एक. मिळाल्याचं त्यांना तोंडी सांगावं.