कबूल आणि नाही

नाशिक,
३ नोव्हेंबर १९८२

चि. जयराम यास आक्काचा जयभीम आणि नेहमीचे आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे आणि त्याची दाद मागायला तुझ्याशिवाय दुसरं कोर्ट मला दिसत नाही. तुझ्या लायसनवर पत्ता माझा. त्यामुळे तू सुरतेला द्राक्षांच्या पेट्या उतरवत असतोस तेव्हा तुझं समन्स घेऊन पोलीस माझ्या दारात येतो. तो स्वतः खुर्चीवर बसतो आणि सायकल टेकवतो ती दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या अबोली पातळाला. पातळाला चेनचं वंगण लागलं. रिठा झाला, लिंबू झालं, रॉकेलसुद्धा झालं. डाग आहे तिथे आहे. हवालदारांना दाखवला, तर म्हणाले, बाई, सरकारी तेल आहे, सहजी निघायचं नाही. वर चहा मागितला. शेजारच्या बयाबाईंनी मला विचारलं की पोलिसांची खानावळ कधीपासून चालू केली. चोवीस वर्षं शाळेत शिकवून कमावलेली अब्रू तुझ्या टेललाइटपायी चालली आहे.

टेललाइटच असेल ना? समन्सवरचं कलम कार्बनखाली असं फिकं उमटलंय की माझ्या चष्म्यालाही लागत नाही. तारीख सोळा, सकाळी अकरा. कागद मी ठेवून घेतला आहे, पण कोर्टात तुझं नाव पुकारतीलच. जा आणि निस्तर.

प्रकृतीस जपावे. गाडीच्या मागच्या दिव्यास त्याहून जास्त जपावे.

तुझी,
आक्का


सुरत,
१९ नोव्हेंबर १९८२

ती. आक्कास जयरामचा सविनय जयभीम. वि. वि.

मी मजेत आहे. सोळा तारखेला भरलेली गाडी जकात नाक्यावर उभी होती, म्हणून घरी न येता परभारे कोर्टात गेलो. रागावू नये. पातळाचं ऐकून वाईट वाटलं, पण हसूही आलं, खोटं कशाला सांगू.

कोर्टाचं काम तुला माहीत नाही म्हणून लिहितो. आम्ही दहा-बारा ड्रायव्हर एका रांगेत उभे राहतो. कारकून नाव पुकारतो, नंबर वाचतो, कलम वाचतो, आणि गुन्हा कबूल आहे का म्हणून विचारतो. आपण हात जोडून कबूल साहेब म्हणायचं, खिडकीत दंड भरायचा, पावती सन व्हायझरच्या मागे खोचायची आणि गाडी काढायची. नाकबूल म्हणणारा माणूस मी अकरा वर्षांत एकच पाहिला. तो अजून तारखांना जातो म्हणतात, आणि त्याची गाडी दुसराच चालवतो. आमच्यातला एक जण तर म्हणतो की मी निकाहात जेवढ्या वेळा कबूल म्हणालो त्याच्या शंभरपट नाशिकच्या कोर्टात म्हणालो, आणि तिथे बायकोही मिळाली नाही.

पण या वेळी मॅजिस्ट्रेट साहेबांनी मान वर केली. ते कधी करत नाहीत. मला विचारलं, समजलं का काय वाचलं ते. म्हटलं समजलं साहेब, कबूल. पुन्हा विचारलं. पुन्हा कबूल म्हणालो. मग दंड काही सांगितला नाही. लायसन ठेवून घेतलं, तोवर गाडी चालवायला त्याच्या बदल्यात एक कागद दिला आणि नऊ डिसेंबरची तारीख दिली. टेललाइटसाठी एवढं कोणी करत नाही. तुला शाळेतून वेळ झाला तर कोर्टात जाऊन बघून ये.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुझा धाकटा,
जयराम


नाशिक,
२५ नोव्हेंबर १९८२

चि. जयराम यास जयभीम. आशीर्वाद या वेळी हात राखून.

काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात गेले. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, रंगनाथ वकील, तिथे असतात. त्यांनी कागद काढून दाखवला. जयराम, तू टेललाइट कबूल केलेला नाहीस. म्हसरूळच्या पुढे एस.टी.ची वाट पाहत उभ्या असलेल्या एका माणसाला भरधाव ट्रकने उडवून त्याचा पाय मोडल्याचं तू कबूल केलं आहेस. दोनदा. साहेबांनी समजलं का विचारल्यावरसुद्धा.

रोज सकाळी मी हजेरी घेते तेव्हा पोरं माझं बोलणं पुरं व्हायच्या आत हजर बाई म्हणतात. एकदा मी मुद्दाम फळ्याचं नाव पुकारलं. फळासुद्धा हजर निघाला. पण त्या पोरांना सातवं वर्ष लागलंय. तुला अडतिसावं.

वकील म्हणतात लायसन रद्द होईल, आणि साहेबांच्या मनात आलं तर तुरुंगही आहे. ते हे इतक्या शांतपणे सांगत होते की मी उगाच त्यांच्या मुलीच्या गणिताची चौकशी केली.

आता मला एकच लिहून कळव. तो माणूस तू उडवलास का? उडवला असशील तर मी तुझ्यासाठी कोर्टाची पायरी चढणार नाही, हे आधीच सांगते. तुरुंगात डबा मात्र आणीन.

उत्तर लगेच धाड. या पत्राला शेवट करायला मला काही सुचत नाही.

आक्का


सुरत,
३० नोव्हेंबर १९८२

ती. आक्कास सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं आणि गाडी दिवसभर लावून ठेवली.

आक्का, तो माणूस मी उडवला नाही. मी उचलला. दिवेलागणीला मी वणीकडून येत होतो. म्हसरूळच्या अलीकडे पुढे एक जीप, टपावर माणसं, मागे लोंबकळणारी माणसं, अशी वाकडीतिकडी धावत होती. वळणावर दिसेनाशी झाली. मी वळण घेतलं तर हा कडेला पडलेला. पाय असा झाला होता की मी लिहीत नाही. माझं मुंडासं सोडून त्याला बांधलं, रस्त्याने जाणाऱ्या एकाच्या मदतीने केबिनमध्ये घेतला आणि सिव्हिल हॉस्पिटलात पोचवला. तिथे पोलिसाने माझं नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला, सही घेतली. मला वाटलं माणूस पोचवल्याची पोच घेतायत. मी तर मनात खूश होतो, की आयुष्यात एकदा पोलिसाने आपलं नाव चांगल्या कामासाठी लिहिलं.

मालकाला सांगितलं. ते म्हणतात झालं ते झालं, आता मागे फिरलास तर तारखा लागतील आणि तारखांना माझी गाडी उभी राहणार नाही. दंड होईल तो मी भरतो, तू गप्प राहा. मीही आधी तसंच म्हणत होतो. पण दंड भरल्यावर माणूस उडवलेला ड्रायव्हर हे नाव जन्मभर राहणार. सापुताऱ्याचा घाट मी अकरा वर्षं उतरतोय, आजवर कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही. ज्याला शेजारी निजवून आणलं त्यालाच मी मोडलं, असं कागदावर राहायला नको.

पण एकदा कबूल म्हटलेलं मागे घेता येतं का? आमच्यात असं कोणी केलेलं ऐकलं नाही. त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. विचारायचं राहून गेलं.

डब्याचं लिहिलंस ते बरं वाटलं.

तुझा,
जयराम


नाशिक,
७ डिसेंबर १९८२

चि. जयराम यास जयभीम आणि राखून ठेवलेले सगळे आशीर्वाद.

त्या माणसाचं नाव चिमाजी. हॉस्पिटलच्या वहीतून गाव मिळालं आणि रविवारी मी वणीची एस.टी. धरली. पुढे पायवाट, त्याचा तपशील लिहीत नाही, माझे गुडघे लिहितील. त्याची बायको भिमाबाई ओट्यावर कांदे निवडत होती. तिला वाटलं मी कुटुंबनियोजनाची बाई. म्हणाली, आमची पोरं मोठी झाली, आता कशाला आलात. मी ट्रकवाल्याची बहीण म्हटल्यावर तिने कांदे सोडले आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

चिमाजी खाटेवर होते. म्हणाले, मला जीपनं मारलं, टरकवाल्यानं नाय. त्यानं तर आपलं मुंडासं फाडलं हो माझ्यासाठी. पोलीस आल्ता दवाखान्यात, पण त्यानं इचारलं काय आणि लिवलं काय ते त्यालाच ठाऊक. माझा आंगठा घेतला आन गेला. तुझ्यावर खटला झाला हे ऐकून ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, म्हंजी मला जो उचलंल त्यो गुन्हेगार. आता रस्त्यात कोन कुनाला उचलंल?

कोर्टात यायला ते तयार आहेत. मी जाण्यायेण्याचं भाडं पुढे केलं तर हात मागे घेतला. पैसं घेऊन बोललो तर ते तुमचं बोलनं व्हईल, माझं ऱ्हानार नाय, असं म्हणाले. पैसे मी परत पदराला बांधले. मी वाद असा सोडून देण्याचे प्रसंग किती थोडे, ते तुला माहीत आहे.

रंगनाथ वकील सांगतात की साहेबांनी अजून हुकूम लिहिलेला नाही, तोवर कबुली मागे घ्यायचा अर्ज देता येतो. बहुधा साहेबांनी म्हणूनच तारीख दिली. दोनदा विचारूनही तू ऐकलं नाहीस, पण त्यांनी तुझं ऐकलं असावं. नऊ तारखेला वकील उभे राहतील. अर्ज मंजूर झाला तर पुन्हा सगळं वाचतील आणि पुन्हा तेच विचारतील. तेव्हा तुला दोन शब्द बोलायचे आहेत. कबूल नाही. गाडीत बसल्याबसल्या पाठ कर. हसू नकोस. अकरा वर्षांची जीभ आहे.

मालकाला सांग की तारखेला गाडी उभी राहील. नोकरी गेली तर घर आहे.

टपाल वेळेत पोचायचं नाही, म्हणून हे सुरतेला निघालेल्या एका ड्रायव्हरच्या हाती देते. सुखरूप ये.

आक्का


नाशिक, ट्रान्सपोर्ट ऑफिस,
१८ फेब्रुवारी १९८३

ती. आक्कास सविनय जयभीम. वि. वि.

तुझ्या शाळेची तपासणी आजच यायची होती. घरी जाऊन आलो तर कुलूप, आणि मला आत्ताच माल घेऊन निघायचं आहे, म्हणून हे पत्र इथे ऑफिसात लिहून जाताना बयाबाईंकडे ठेवतो. आधी महत्त्वाचं: सुटलो. लायसन खिशात आहे. दर मैलाला चाचपून बघणार आहे.

डिसेंबरात अर्ज मंजूर झाला आणि पुढची तारीख आजची पडली ते तुला माहीतच आहे. त्यानंतर सगळा घाट चढता-उतरता मी दोन शब्द घोकले. आज साहेबांनी स्वतः वाचून दाखवलं, सावकाश, आपल्या मराठीत. मग विचारलं, गुन्हा कबूल आहे का. माझ्या तोंडून आलं, कबूल. आणि अकरा वर्षांची जीभ तिथेच थांबली. कारकुनाने लगेच लिहायला घेतलं. वकिलांनी डोळे मिटले. साहेब चष्म्यावरून कारकुनाला म्हणाले, थांबा, आरोपीचं वाक्य संपू द्या. आक्का, त्या थांबण्यात मला जीप दिसली, तो पाय दिसला. मग मी म्हणालो, नाही. एवढ्या मोठ्याने निघालं की बाहेरचे ड्रायव्हर दारातून डोकावले.

चिमाजी काठीवर आले होते. सरकारी वकिलांनी विचारलं, तुम्ही हा ट्रक पाहिला होता का. ते म्हणाले, पाह्यला, पन आतून. साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. जीप कशी आली, टपावर किती माणसं, सगळं सांगितलं. जीप कोणाची ते मात्र त्यांनाही ठाऊक नाही, आणि आता कोणी शोधेल असं वाटत नाही.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर काठी मध्ये घातली. भाडं देऊ केलं, घेतलं नाही. म्हटलं आता तर निकाल झाला. म्हणाले, आजच घेतलं तर लोक मागचं-फुडचं बघत नाहीत, साक्षीचंच पैसं म्हनतील. उलट त्यांनीच मला चहा पाजला. मग रिक्षाही करू दिली नाही. स्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो, त्यांच्या चालीने.

मालकाने नोकरीवरून काढलं नाही. एवढंच म्हणाले, की पुढच्या वेळी आधी मला विचारून माणूस उचल. मी बरं म्हटलं. हे मात्र मनातून नाही.

परतीच्या खेपेला घरी येतो. भाकरी टाकून ठेव.

तुझा,
जयराम


नाशिक,
१६ मार्च १९८३

चि. जयराम यास जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तू येऊन गेलास त्याच दिवशी एक काम उरकायचं होतं, पण मीही त्यांच्यासारखं लोकांचं मागचं-पुढचं बघत बसले. आज निकालाची तारीख पुरेशी मागे पडली असं वाटलं.

तपासणीवाले साहेब शेरा देऊन गेले की बाईंच्या वर्गात मुलं हजेरी फार उशिरा देतात. खरं आहे. हल्ली मी नाव पुकारल्यावर पोरांना आधी माझ्याकडे बघायला लावते, मग बोलायला. वेळ जातो.

दुपारी स्टँडवर गेले. खिडकीवर वणीचं एकेरी भाडं विचारलं, त्याची दुप्पट केली, त्यात एका चहाचे मिळवले, आणि पोस्टात जाऊन चिमाजींच्या नावे मनीऑर्डर केली. एक पैसाही जास्त घातला नाही. जास्त दिसले असते तर परत आले असते. कुपनावर चार शब्द लिहायची जागा असते. साक्षीबद्दल लिहिणं बरं नव्हतं, उपकाराबद्दल लिहिलं तर भिमाबाई मला पुन्हा कुटुंबनियोजनाची बाई समजल्या असत्या. पोस्टातला माणूस खोळंबला होता. मी लिहिलं, एस.टी. आणि चहा. खाली सही केली.

माया आहे तशी असू दे.

तुझी,
आक्का