पंगतीवरून उडालेली घोडी

॥ श्री ॥

मी, वामन दामोदर खांबेटे, वय वर्षे चौऱ्याऐंशी, संस्कृतचा निवृत्त शिक्षक, राहणार कल्याण (पश्चिम), आज स्नानसंध्या आटोपून, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. पुढील मजकूर वाचून माझा पुतण्या नेमकी तीच शंका काढेल.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेवी माझी एकुलती कन्या सोनल हिला. त्यांचे काय करावे हे मी सांगत नाही. आयुष्यभर सांगितले, तिने ऐकले नाही, आणि तिचे उत्तम चालले आहे.

कलम २. माझ्या पोथ्या टिटवाळ्याच्या पाठशाळेस. ज्याला उघडायच्या असतील त्यालाच द्याव्यात. कपाळाला लावून पुन्हा फळीवर ठेवणारे आमच्या घरात पुरेसे आहेत.

कलम ३. माझे थोरले बंधू कै. भार्गवदादा यांचा कात्रणांचा जाडजूड संग्रह त्यांचा मुलगा संदेश यास. त्यात जुन्या परदेशी मासिकांतील छायाचित्रे आहेत: मोटारीवरून उडी घेणारा घोडा, जळत्या कड्यातून जाणारा घोडा, उंच फळीवरून पाण्याच्या हौदात झेपावणारा घोडा, आणि चार साहेब शांतपणे जेवत असताना त्यांच्या मेजावरून पलीकडे जाणारा घोडा. एकाही घोड्याच्या मुद्रेवर हौस दिसत नाही. ऋषींनी इंद्रियांना घोडे म्हटले ते आवरण्यासाठी. दादांनी तेवढा घोडाच उचलला.

कलम ४. हे कलम लांब आहे. ते वगळून पुढे वाचू नये.

सन १९५९ च्या दसऱ्यास दादांनी जाहीर केले की साहेबाच्या मेजावरून घोडा जातो, तर आपण पंगतीवरून नेऊ. खाडीलगतच्या मैदानावर चार पाट मांडले, रांगोळ्या घातल्या, केळीची पाने वाढली. पानांवर बसलो मी, दोन भिक्षुक आणि व्यायामशाळेचे चिटणीस. काठेवाडी अश्व म्हणून जिची जाहिरात झाली, ती जगन सोनावणे याच्या वडिलांच्या टांग्याची घोडी होती. जगन माझ्याच वयाचा; घोडी त्याच्याच हाताखाली वाढलेली.

मुहूर्ताच्या घटकाभर आधी दादांनी मला बाजूला घेतले.

"वामन, आत काहीतरी होतंय रे."

"काय होतंय, दादा?"

"धर्मसंकट," असे म्हणून ते पोट धरून झुडपांकडे गेले. हा शब्द मी त्यापूर्वी त्या अवयवासाठी ऐकला नव्हता.

जगनने घोडीचा लगाम हाती घेतला. "कोट आणि फेटा तेवढा द्या, मास्तर. घोडीला मानूस कोन ते ठावं हाय. मंडळींना लांबून काय दिसतंय?" मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो, पण श्लोक म्हणतो म्हणून तो मला मास्तर म्हणे.

जगनचे घर तीन वर्षांपूर्वीच बौद्ध झाले होते. आमच्या लेखी काहीही बदलले नव्हते. त्या पंगतीत त्याला पाट मिळाला नसता. तिच्यावरून घोडी उडवण्यास मात्र शास्त्रात निषेध सापडला नाही. मी आदल्या रात्री शोधलाही होता, पण तो दादांसाठी.

छायाचित्रकार ओरडला, "घास हातात राहू द्या! वर बघू नका!" वर घोडी होती, खाली चार शूर ब्राह्मण डोळे मिटून वरणभात खात होते.

छायाचित्रात स्वाराचा चेहरा घोडीच्या मानेआड गेला आहे. दादा झुडपांतून परतले तोवर टाळ्या संपल्या होत्या. त्यांनी फेटा परत घेतला आणि पुढील चाळीस वर्षे तो उतरवला नाही. स्वाराचा पाय अनवाणी आहे, कारण दादांचे बूट जगनला बसेनात. दादा सांगत, "पकड यावी म्हणून." छायाचित्राखाली पांढऱ्या शाईने 'श्री. भार्गव खांबेटे यांची अद्भुत उडी' असे लिहिलेले अक्षर माझे आहे. वर्गात मी मुलांना खरे बोलण्याची वचने पाठ करून घेत असे.

ते चित्र आमच्या घरी दर दसऱ्याला शस्त्रांसोबत पुजले जाते. ज्या वहिनी जगनला ओसरीवर वेगळ्या कपातून चहा देत, त्याच चित्रातल्या त्याच्या अनवाणी पायाला कुंकू लावून पदर पसरीत. एवढी शुद्ध भक्ती मी कोणत्याही देवळात पाहिली नाही.

कलम ५. बाळकुमच्या संकुलात, जेथे संदेश सोसायटीचा अध्यक्ष आहे, येत्या दसऱ्यास या उडीचे भव्य भित्तिचित्र उघडले जाणार आहे, दादांच्या नावाच्या पितळी पाटीसह. जगनची नात मृणाल हे ऐकून, उडी तिच्या आजोबांची होती हे सांगायला तेथे गेली. संदेश दारातूनच म्हणाला, "असतील तुमचे आजोबा. घोडीला पाणी वगैरे पाजत असतील."

स्टुडिओ बंद झाला तेव्हा छायाचित्रकाराने मला दोन निगेटिव्ह दिल्या होत्या. पहिली सर्वांना माहीत आहे. दुसरी त्यानंतरची: जगन घोडीवरून उतरतो आहे, फेटा काखेत, तोंडभर हसू. ती मी तेव्हापासून माझ्या देवघरात, सोवळ्याच्या पेटीत ठेवली. असत्याला मौनाचे सोवळे नेसवता येते, हे मला कोणी शिकवण्याची गरज पडली नाही.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, म्हणून ते भित्र्यांचे आवडते लेखन आहे. या कलमापुरती ती सोय मी स्वतःस नाकारतो. कलम ४ व ५ यांची प्रत आजच संदेशला टपालाने जात आहे. पाटी बदलावी. न बदलल्यास मी दसऱ्याला चाकाच्या खुर्चीतून तेथे येईन व दोन्ही कलमे मोठ्याने वाचेन. माझा आवाज अद्याप चांगला आहे.

कलम ६. दोन्ही निगेटिव्ह मी जगनलाच लिहून ठेवणार होतो, आणि साक्षीदारही तोच हवा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष नसलेली बरी. म्हणून काल आंबिवलीहून त्यास बोलावून विचारले, निगेटिव्ह हव्यात की सही करतोस. त्याने चहा संपवला. कप आमच्या घरातलाच होता.

"मास्तर, तुमी तवा डोळे मिटलेवते का?"

"मिटले होते."

"मंग तुमाला काय ठावं मी व्हतो का दादा?"

"दादा झुडपांत होते, जगन."

तो खूप हसला, खोकला, मग म्हणाला, "फोटूत मी हायेच. कागदावर कुठं हाय? सहीच करतो."

तेव्हा दोन्ही निगेटिव्ह मृणालला, आणि त्या मी आजच तिच्या हाती दिल्या आहेत.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, खाली सही करीत आहे. यापूर्वीचे माझे सर्व लेख रद्द समजावेत, पांढऱ्या शाईतला धरून.

वामन दामोदर खांबेटे
कल्याण, आश्विन शुद्ध द्वितीया, मंगळवार, दि. २३ सप्टेंबर २०२५

साक्षीदार

१. डॉ. महेंद्र शंकर पेंडसे, कल्याण. लिहिणाऱ्यांची प्रकृती स्थिर, स्मृती उत्तम, रक्तदाब किंचित वाढलेला.

२. जगन रामा सोनावणे, वय ८५, आंबिवली. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली. त्यांच्या डोक्यावरून उडी मी मारली.