गोळ्यांनंतरचा फोन

सोमवार, ४

कान दुखतोय. उजवा. उद्यापासून डाव्याला कामाला लावते — त्याने तरी काय घोडं मारलंय!

मलेरियाच्या गोळ्या घेणाऱ्यांना फोन करायचा, काय त्रास होतोय विचारायचं. सोपं काम म्हणून घेतलं. बसून तर करायचंय! आता कळतंय. मळमळ, चक्कर, खाज, लघवीचा रंग — दिवसभर तेच दळण. एक आजोबा म्हणाले, "बाई, लघवीची एवढी चौकशी माझ्या बायकोनेसुद्धा कधी केली नाही!" मीही हसले. मग पुढच्याला तेच विचारलं.

मंगळवार, ५

साहेबांनी आज भोंग्याला झापलं. भोंगा म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतली, ती बोलते ते रस्त्यापर्यंत ऐकू जातं. "बऱ्या आहात ना, असं काय विचारता? कोण कशाला नाही म्हणेल! काय त्रास होतोय विचारा आणि गप्प बसा. माणूस आपणहून बोलतो." भोंगा आणि गप्प! पण साहेबांचं खरं आहे. मी थांबते, आवाज मऊ ठेवते. पगार त्याचाच मिळतो.

घरी पोचले तर वहिनीचा निरोप — आईला ताप, मलेरिया निघाला, गोळ्या सुरू. दादा परगावी, वहिनी दिवसभर कामावर. आई घरात एकटी.

गुरुवार, ७

आईला फोन केला, भाजी चिरता चिरता. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? बरं, ठेवते." ती हो हो म्हणाली. पुढे काहीतरी बोलायला लागली होती, पण मला कानाला फोन सहन होईना. उद्या करीन निवांत.

शुक्रवार, ८

नाही केला.

शनिवार, ९



आमच्याकडे नंबर यंत्रच लावतं. पडद्यावर नाव नसतं, नुसता आकडा. दुपारी असाच एक लागला. सवयीने सुरू झाले — "नमस्कार, आरोग्य केंद्रातून बोलतेय. गोळ्या सुरू झाल्यापासून काय त्रास होतोय?" पलीकडून नुसतं "हं..." आलं. आई!

मी गप्प, म्हणून ती बोलायला लागली. "उठवत नाही हो. भिंत धरून मोरीपर्यंत जाते. डोळे पिवळे झालेत."

आई, मी आहे गं — म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं असतं तर लगेच "काही नाही गं, बरी आहे" ऐकवलं असतं तिने. तोच मऊ आवाज काढला. "लघवीचा रंग कसा आहे?"

"काळपट. कोऱ्या चहासारखा. परवापासून."

परवा! परवा मी भाजी चिरत होते!

"घरी सांगितलंत?"

"सून दमून येते. लेकीला सांगणार होते, पण ती घाईत असते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून डोकं उठतं बिचारीचं. तिला नका सांगू हं."

"आता गोळी घेऊ नका. पडून राहा. गाडी पाठवतेय," म्हटलं आणि डॉक्टरांच्या खोलीकडे धावले. ते म्हणाले, एखाद्याला ही गोळी सोसत नाही, अंगातलं रक्त झपाट्याने कमी होतं, उशीर झाला तर माणूस जातो. त्यांनीच गाडी पाठवली. वहिनीला कळवलं. भोंग्याने माझी पर्स हातात कोंबली — "पळ!"

रविवार, १०

रक्त चढवलं. धोका टळला म्हणतात. वहिनी रडत होती, "मला एका शब्दाने बोलल्या नाहीत आई." मी काय सांगू तिला? तुला नाही, मला नाही, फोनवरच्या परक्या बाईला सांगितलं! फार लागलंय मनाला. राग कोणावर काढायचा तेही कळत नाही. अंग मोडून आलंय. झोपते.

सोमवार, ११

आईला सांगून टाकलं, फोनवर मीच होते म्हणून. ती हसली. "नमस्कार म्हणालीस तेव्हाच ओळखलं. म्हटलं, आज निवांत विचारतेय, तर सांगून घ्यावं."